तुळई मधोमध मोडते की टोकाला?

कोकणातल्या जुन्या घरांत माळ्याच्या तुळया ऐन, किंजळ, फणस किंवा सागाच्या असत, आणि बसवताना उभ्या काटावर. गाळा, म्हणजे दोन टेकूंमधले अंतर, बेताचा धरायचा आणि लाकूड आडवे टाकायचे नाही, एवढ्यावर सुताराचे काम भागे. त्यामागचे गणित युरोपात जुळायला मात्र दोन शतके गेली.

1638 मध्ये गॅलिलिओने भिंतीत रोवलेल्या तुळईचा हिशेब मांडला. ताकद उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते हे त्याने अचूक हेरले. पण सगळा छेद सारखाच ताणला जातो असे धरल्याने उत्तर तिप्पट निघाले. एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधला थर तसाच राहतो, हे फ्रेंच गणिती पाराँने 1713 मध्ये दाखवले, तरी रूढ झाले ते फ्रेंच अभियंता नाव्हिएच्या 1826 च्या व्याख्यानांनंतर. आयताकृती छेदाच्या वाकण्याच्या ताकदीसाठी आपण आज वापरतो ते सूत्र, रुंदी गुणिले उंचीचा वर्ग भागिले 6, त्यातूनच आले.

कातर (शिअर), म्हणजे एक थर दुसऱ्यावरून घसरवणारा ताण, त्याहून उशिरा कळली. सेंट पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वेच्या लाकडी पुलांवर काम करताना रशियन अभियंता झुराव्स्कीच्या लक्षात आले, की जाड तुळया लाकडाच्या रेषांच्या दिशेने आडव्या चिरतात. त्याचे विवेचन 1856 मध्ये फ्रेंचमध्ये छापले गेले.

आता 100 × 200 मिमीची सागाची तुळई घ्या. गाळा 3.6 मीटर, भार मीटरला 3 किलोन्यूटन. वाकण्याचा ताण 7.3 न्यूटन प्रति चौरस मिमी, कातर 0.4, चांगल्या सागाला दोन्ही झेपतात. लाकडाचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, 9,500 न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर झोळ, म्हणजे मधोमध खाली झुकणे, मात्र 10.4 मिमी येतो. कौले किंवा जिप्समचे छत अशा ठिसूळ वस्तू पेलणाऱ्या तुळईला आयएस 883 हे लाकडी बांधकामाचे भारतीय मानक गाळ्याचा 360 वा भाग, म्हणजे 10 मिमी, एवढीच झोळाची सूट देते. तुळई मोडत नाही, तरी नापास होते! शिवाय ओल्या लाकडाचा झोळ वर्षानुवर्षे वाढत जातो, तो वेगळाच. हीच तुळई आडवी टाकली तर झोळ चौपट.

सुतार टेकूवर बसवायला टोकाला खालून 50 मिमी खाच घेतो. उरलेल्या 150 मिमीवर कातर वाढतेच, त्यात खाचेच्या कोपऱ्यावरचा ताण धरून आयएस 883 चे सूत्र 0.72 देते, म्हणजे पावणेदोनपटीहून जास्त. चीर तिथूनच सुटते. जांभ्याच्या भिंतीत पाऊस मुरतो, वाळवीही तिथेच लागते. म्हणून खाच घ्यायचीच तर उथळ, आणि टोकाभोवती हवेला जागा सोडलेली बरी.

लोखंडी आयबीम (वर-खाली आडव्या पट्ट्या, मध्ये उभा पत्रा) आले तेव्हा झोळाची काळजी हलकी झाली: त्याच गाळ्यावर त्याच भाराला आयएसएमबी 150, म्हणजे 150 मिमी उंचीचा आयबीम, सुमारे 4.5 मिमी झुकतो. मात्र लांब गाळ्यावर वरची पट्टी बाजूला धरलेली नसेल तर तो कलंडून पिळतो. हे गणित प्रांट्ल आणि मिशेल यांनी 1899 मध्ये वेगवेगळे सोडवले. माळ्याच्या फळ्या नुसत्या वर टेकवल्या तर पट्टी धरली गेली असे मानू नये.

आणि कातर इथेही टोकालाच सर्वांत जास्त. ती पेलणारा उभा पत्रा जेमतेम 5 मिमीचा, आणि भिंतीत गाडलेल्या त्याच टोकाला खारी हवा व ओल मिळून गंज धरतो. रंग बहुधा दिसणाऱ्या भागालाच लागतो. तपासताना टोकाशी गिलावा फोडून पत्र्याची जाडी मोजावी. मधोमध हातोडी मारून काही कळत नाही.