थडग्यावरचा लेख आणि दफनाची नोंदवही: एक नव्हे, दोन पुरावे

घराण्याचा माग काढणारा माणूस दफनभूमीत जातो, थडग्यावरचा मजकूर टिपून घेतो आणि म्हणतो, दफनभूमीतली नोंद मिळाली. पण ती नोंद नव्हे. थडग्यावरचा लेख घरच्यांनी कोरून घेतलेला असतो. नोंद असते ती दफनवहीत, आणि तिथे कारकुनाने किंवा धर्मगुरूने त्या दिवशी केलेले काम लिहिलेले असते. त्यामुळे दोन्हीकडच्या तारखा जुळल्या नाहीत म्हणून लगेच ‘हा आपला माणूसच नव्हे’ असा निष्कर्ष काढू नये.

बहुतेक वेळा घोळ साधाच असतो: दगडावर मृत्यूची तारीख आणि वहीत दफनाची. इंग्लंडमध्ये १८१३ पासून चर्चच्या दफनवहीचा छापील नमुना ठरला. त्यात नाव, राहण्याचे ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्याची सही एवढेच रकाने होते. मृत्यूच्या तारखेला रकानाच नव्हता. नवरा-बायको, आई-बाप यांनाही नव्हता. ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याचा थोरला मुलगा’ हे सापडते ते दगडावर. म्हणून नात्यांसाठी मी आधी दगड पाहतो आणि दफनाच्या तारखेसाठी वही.

त्याहून जुन्या वह्यांत आणखी एक खाच आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायद्याने नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे तिथल्या वहीत फेब्रुवारी १७२० मध्ये झालेले दफन आपल्या हिशेबाने १७२१ मधले ठरते. हे ध्यानात घेतले नाही, तर नोव्हेंबर १७२० मध्ये बाप्तिस्मा झालेले बाळ त्याआधीच, फेब्रुवारीत, पुरले गेले होते असे दिसते.

दगड मात्र नुसता वाचून भागत नाही, निरखून पाहावा लागतो. समजा, एका दगडावर तीन नावे आहेत आणि तिन्ही मृत्यूंत वीस-वीस वर्षांचे अंतर आहे. अक्षरांची ठेवण पाहा, खोली पाहा, ओळींमधली जागा पाहा. पहिले नाव ऐसपैस कोरलेले आणि शेवटचे खाली दाटीवाटीने बसवलेले असेल, तर नावे त्या त्या वेळी वाढवत नेली असावीत. तिन्ही नावे एकाच हाताची, एकाच मापाची असतील, तर दगड बहुधा शेवटच्या मृत्यूनंतर उभा राहिला. मग पहिली तारीख चाळीस वर्षांनी कुणाच्या तरी आठवणीतून आलेली असू शकते. ती दगडात कोरलेली आहे म्हणून पक्की ठरत नाही.

वयाचेही तसेच. ‘वयाच्या ३४व्या वर्षी’ म्हणजे पुरी झालेली वर्षे ३३, पण वहीत ३४ लिहिलेले आढळेल. शिवाय दगड असो की वही, वय सांगणारा माणूस दुसराच असतो. या दोन्हींवरून काढलेले जन्मसाल अंदाजच समजावे.

दगड आहे म्हणजे खाली देह आहे, असेही नाही. बेल्जियममधल्या ईपर इथे १९२७ साली खुल्या झालेल्या मेनिन गेट या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत, आणि कोरताना त्यांतल्या कुणाचीच कबर ठाऊक नव्हती. उलट उदाहरण संगीतकार मोझार्टचे. १७९१ मध्ये व्हिएन्नात तो वारला, त्याची नोंद तिथल्या चर्चच्या वहीत आहे, पण कबरीची नेमकी जागा कुणालाच सांगता येत नाही. गरिबांच्या बाबतीत तर हेच जास्त घडले, कारण दगड लावायला पैसे लागत. जर्मनीत अनेक ठिकाणी कबरीची जागा साधारण २० ते ३० वर्षांच्या मुदतीने मिळते. मुदत वाढवली नाही तर दगड काढतात आणि जागा पुन्हा वापरतात. तेव्हा दगड नाही म्हणून शोध सोडू नका, वही मागा.

वही मागताना एकच मागू नका. बऱ्याच दफनभूमींत तारखेनुसार लिहिलेली दफनवही वेगळी आणि जागेनुसार लिहिलेली कबरवही वेगळी असते. पहिलीत तुमचा माणूस आणि त्याच्या कबरीचा क्रमांक मिळेल. तो क्रमांक घेऊन दुसरी उघडली की त्याच जागेत आणखी कोण पुरले आहे आणि जागा कुणाच्या नावावर घेतली होती, हे कळते. लग्नानंतर आडनाव बदललेली मुलगी, दगड न लाभलेले तान्हे मूल, जागेचे पैसे भरणारा मेहुणा अशी माणसे इथेच भेटतात. माझ्या मते सगळ्यात मोलाचे पान हेच आहे, आणि हेच मागायचे बहुतेकांकडून राहून जाते.

फाइंड अ ग्रेव्हसारख्या संकेतस्थळांवर दगडाचा फोटो असेल तर तो पुरावा धरा. फोटोखालचे जन्मगाव आणि आई-वडिलांची नावे मात्र स्वयंसेवकांनी भरलेली असू शकतात. ती फोटोत दिसत नसतील, तर कुठून आली हे भरणाऱ्याला विचारा. दगड स्वतः वाचायचा असेल तर खडू, दाढीचा फेस किंवा ब्लीच लावू नका, त्याने दगड खराब होतो. आरशाने बाजूने तिरका उजेड पाडला की झिजलेली अक्षरे बऱ्याचदा उठून दिसतात. फोटो काढताना शेजारच्या दोन-तीन थडग्यांचेही काढून ठेवा, आणि कबरवहीत त्यांचेही क्रमांक पाहा. नातेवाईक पुष्कळदा लागून असलेल्या जागा घेत.