चेनमेलच्या कड्या घरी वळताना : तार घेण्याआधी वाचा

भुलेश्वरच्या आमच्या दुकानातून तांबं, पितळ, चांदीची तार नेऊन घरी चेनमेलचे, म्हणजे एकमेकांत ओवलेल्या कड्यांचे दागिने करणाऱ्यांसाठी ही माहिती. तयार कड्याही आम्ही विकतो. पण स्वतः वळल्या तर स्वस्त पडतात आणि हवा तो व्यास मिळतो.

पहिला घोळ गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीच्या नंबराचा. इंटरनेटवरच्या अमेरिकन डिझाइनमधलं १८ गेज अनेकदा १.०२ मिमी असतं. आपल्याकडे १८ गेज मागितलं की ब्रिटिश मापाची, १.२२ मिमीची तार मिळते. बायझंटाइन या चेनमेलच्या विणीला कडीचा आतला व्यास तारेच्या जाडीच्या साधारण साडेतीन पट लागतो. ३.५ मिमीच्या कडीला १.०२ची तार चालते, १.२२ची घेतलीत तर हे प्रमाण २.८७वर येतं आणि पुढच्या कड्या आत शिरतच नाहीत. अशा वेळी १९ गेज मागा, ती १.०१६ मिमी भरते. खरं तर मिमीतच सांगा. काउंटरवर मायक्रोमीटर आहे, समोर मोजून देऊ.

वळणं

विणकामाची ८ नंबरची सुई ४ मिमीची असते आणि सुरुवातीला ती पुरते, पण जाड तार ओढताना वाकते. पोलादी सळई बरी. तिच्या टोकाच्या भोकात तार अडकवा, सळई ड्रिलमध्ये धरा आणि अगदी हळू फिरवा. तार दुमडलेल्या चामड्याच्या तुकड्यातून सोडा. हातमोजे घालू नका. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा गुंतला की बोटही ओढलं जातं. वेढे एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत आणि ताण शेवटपर्यंत सारखा हवा. दोन-तीन इंच तार उरली की थांबा, ड्रिल किंचित उलटं फिरवून ताण उतरवा. नाहीतर सुटलेलं टोक चाबकासारखं फिरतं. चष्मा हवाच.

आता मुख्य गोष्ट. ४ मिमीच्या सळईवर ४ मिमीची कडी होत नाही. ताण सुटला की वेढ्यांची स्प्रिंग थोडी उघडते; कडक तार जास्त, नरम कमी. जंतरातून, म्हणजे तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून ओढलेली तार कडक असते. तापवून नरम केलेली सहज वळते, पण तिच्या कड्या वापरात लवकर उघडतात. म्हणून आधी आठ-दहा वेढे वळून व्हर्नियरने आतला व्यास मोजा, मगच सळई ठरवा. अख्ख्या हाराची तार एकाच रिळातून घ्या. महिन्याभराने नेलेली ‘तीच’ तार तितकीच कडक निघेल, याची हमी आम्हीही देत नाही.

किती तार लागेल?

आतला व्यास अधिक तारेची जाडी, गुणिले ३.१४. १.२२ मिमीच्या तारेची ४ मिमीची कडी घ्या : एका कडीला १६.४ मिमी, म्हणजे मीटरला साधारण ६०. तांब्याची ही तार मीटरला साडेदहा ग्रॅम भरते.

कापणं

साध्या कटरने टोकं चिमटली जातात आणि जोड बंद केला तरी फट दिसते. सोनारी करवतीने दोन्ही टोकं सपाट येतात. स्प्रिंगवर टेप गुंडाळा, आत बांबूची काडी घाला आणि लांबीच्या दिशेने कापा. चांदीचा कीस टाकू नका, डबीत साठवा.

लोहार चाळीतली मोटार वाइंडिंगची तार स्वस्त दिसते, पण तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो आणि कापताना तो उडतो. दागिन्याला आम्ही ती सुचवत नाही.

पावसाळ्यात तांब्या-पितळेच्या कड्या झिपच्या पिशवीत ठेवा. उरलेलं अखंड रीळ बिलासह बदलून मिळेल. कापून दिलेली तार बदलून मिळणार नाही.