चाळीस भोकांचा पट्टा आणि सात पत्र्यांची नाडी

माझे मामा बेळगावच्या उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर उभे राहिले. पाइप जाड तर पाणी जास्त, हे त्यांचं गणित, आणि या गणितानं त्यांना कधी दगा दिलेला नाही. गेल्या मार्गशीर्षात शहापुरातल्या मावसभावाच्या फोटो स्टुडिओत मी कॉम्प्युटर उघडून बसलो होतो. मामांनी माळ्यावरून जुन्या हार्ड डिस्कचा करडा पट्टा शोधून आणला, तीन बोटं रुंद. दुसऱ्या हातात माझी नवी लाल सॅटा केबल, म्हणजे आता डिस्क जोडायला वापरतात ती, धरली, नाडीएवढी.

"ह्याला चाळीस भोकं, ह्याला सात पत्रे. आणि तू म्हणतोस ही नाडी फास्ट? कसं काय रे?"

प्रश्न शंभर नंबरी. त्या पट्ट्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १३३ मेगाबाइट माहिती जायची. या नाडीतून ६०० जाते. माझ्या हातात तेव्हा स्क्रू होता, म्हणून "नंतर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे ते 'नंतर'.

आधी आमचं काम काय होतं ते. भाऊ लग्नं तर घेतोच, शिवाय बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणपती विसर्जन. ही शूटिंगं रात्रभर चालतात आणि डिस्का भरतात. त्याच्या मदरबोर्डवर डिस्क जोडायची चारच पोर्ट, चारही भरलेली. आणखी तीन डिस्का कपाटात पडून. अशा वेळी नवा कॉम्प्युटर घ्यायची गरज नसते. ज्या पेटीला आपल्याकडे सगळे 'सीपीयू' म्हणतात (सीपीयू म्हणजे तिच्या आतली बिस्किटाएवढी एक चिप, पण असो), तिच्यात पीसीआय एक्सप्रेस नावाचे स्लॉट, म्हणजे कार्डं खोचायच्या खाचा, रिकामे असतात. त्यात एक कार्ड खोचायचं, की आणखी चार पोर्ट हजर.

स्लॉट लहानमोठे असतात. सगळ्यात लहान अडीच सेंटीमीटरचा, सगळ्यात मोठा नऊचा. फरक लेनचा. एक लेन म्हणजे जायला तारांची एक जोडी आणि यायला एक जोडी. लहान स्लॉटात एक लेन, मोठ्यात सोळा. लहान कार्ड मोठ्या स्लॉटात बिनधास्त चालतं. आमचं कार्ड एका लेनचं होतं आणि त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '२४ जीबीपीएस' (सेकंदाला २४ अब्ज बिट, म्हणजे शून्य-एक) छापलेलं. चार पोर्ट गुणिले प्रत्येकी सहा, झाले चोवीस! पण ही चारही पोर्टं शेवटी एकाच लेनमधून जाणार, आणि भावाच्या जुन्या मदरबोर्डवर ती लेन सेकंदाला ५०० मेगाबाइट नेते, म्हणजे चार पोर्टांच्या मिळून २४०० मेगाबाइटांचा जेमतेम पाचवा हिस्सा. टिळकवाडीच्या रेल्वे गेटला चार गल्ल्यांतून गाड्या येऊन मिळाल्या म्हणून गेट चौपट रुंद होतं का? तरी भावाचं काही अडणार नव्हतं. फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला दोनशेच्या आसपासच देते, आणि तो एका वेळी दोनाहून जास्त डिस्कांना हात लावत नाही.

आता मामांचा प्रश्न.

पट्ट्याच्या चाळीसपैकी माहितीच्या तारा सोळा. एका वेळी सोळा बिट, म्हणजे सोळा शून्य-एक, खांद्याला खांदा लावून निघतात. मिरवणुकीत सोळा पोरं एका ओळीत लेझीम खेळत चाललीत असं समजा. चाल मंद आहे तोवर ओळ सरळ राहते. त्यांना पळायला लावा. गल्लीचं वळण आलं की आतला पुढे, बाहेरचा मागे. पलीकडच्या टोकाला उभा असलेला माणूस शिट्टी वाजली की ओळ वाचतो, आणि शिट्टीला जो रेषेवर नाही त्याचा बिट चुकला. म्हणजे सगळ्यात मागच्यासाठी थांबावं लागतं, आणि वेग जितका वाढवाल तितकं हे थांबणं महाग पडतं. त्यात या तारा शेजारच्या तारेचं बोलणंही ऐकतात. ते थांबवायला पुढे पट्ट्यात आणखी चाळीस तारा घातल्या, माहितीच्या नव्हे, नुसत्या अर्थिंगच्या, प्रत्येक दोघींच्या मध्ये एक. भोकं चाळीसच, तारा ८०, त्यातल्या निम्म्या शेजारणींची भांडणं सोडवायला! इतकं करूनही पट्टा ४६ सेंटीमीटरपेक्षा लांब चालत नसे.

२००३च्या सुमारास सॅटा आणि पीसीआय एक्सप्रेस या दोन्ही पद्धती आल्या. दोन्हींनी एकच गोष्ट केली: ओळच मोडली. सोळा जणांनी शेजारी शेजारी चालण्याऐवजी एकामागून एक पळायचं. कुणाची वाट बघायची नाही.

पण एकेकट्यानं पळायचं तर फारच जोरात पळायला हवं. सॅटाच्या सर्वांत वेगवान प्रकारात सेकंदाला ६ अब्ज बिट जातात. एका सेकंदाचे सहा अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग एका बिटाच्या वाट्याला येतो. तेवढ्यात विजेचा इशारा केबलमधून तीन-साडेतीन सेंटीमीटर सरकतो. म्हणजे अर्ध्या मीटरच्या केबलमध्ये कुठल्याही क्षणी चौदा-पंधरा बिट एकामागे एक चाललेले असतात. पहिला अजून पोचलेला नसतो आणि पंधरावा निघालेला असतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या केबलकडे बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

इशारा केवढा, तर जेमतेम अर्ध्या व्होल्टचा. त्याच पेटीत पंखे फिरतायत, वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, गुणगुणतोय. एवढ्या गोंगाटात अर्धा व्होल्ट ऐकू येतो तो जोडीमुळे. एक बिट दोन तारांवरून एकदम जातो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. पलीकडे फक्त दोघींतला फरक मोजतात. चोर्ला घाटातून एसटीनं गेला असाल तर हे लगेच कळेल. एका बाकावर दोघं बसलेत, एक उंच, एक बुटका. गाडी खड्ड्यात आदळली की दोघंही वीतभर उडतात. पण उंच कोण आणि बुटका कोण, यात फरक पडतो का? गोंगाट दोन्ही तारांना सारखाच उडवतो आणि वजाबाकीत निघून जातो.

इथपर्यंत मामांनाही पटलं असतं. आता मला जे खरं आवडतं ते सांगतो, ज्याला कंटाळा येईल त्यानं चार परिच्छेद सोडून पुढे स्क्रूकडे जावं.

ओळ मोडली तेव्हा शिट्टीही गेली. सॅटा केबलमध्ये ठेका द्यायला वेगळी तारच नाही. मग एक बिट कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे पलीकडच्याला कळतं कसं? तो येणाऱ्या माहितीतूनच ठेका पकडतो. शून्याचा एक झाला, एकाचा शून्य झाला, की त्या बदलावर आपलं घड्याळ जुळवून घेतो. भजनाला बसलेला मृदंगवाला असंच करतो. गवई चार-पाच मात्रा गप्प राहिला तर हा मनात मोजून समेवर येतो. पन्नास मात्रा गप्प राहिला तर? आणि डिस्कवरच्या फायलीत सलग हजार शून्यं असणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

यावर आयबीएममधल्या आल्बर्ट विडमर आणि पीटर फ्रानाशेक यांनी १९८३ साली एक तोडगा मांडला. आठ बिट आहेत तसे पाठवायचेच नाहीत. त्यांच्या जागी दहा बिटांचा, आधीच ठरवून ठेवलेला शब्द पाठवायचा. आठ बिटांचे प्रकार होतात २५६, दहाचे १०२४. म्हणजे निवडीला भरपूर वाव. सलग पाचापेक्षा जास्त सारखे अंक कधीच येणार नाहीत, असे शब्द निवडायचे. झाली मृदंगाची सोय. पण त्यांना आणखी एक हवं होतं: शून्यं आणि एक यांची संख्या सारखी. पाच शून्यं, पाच एक. असे शब्द किती? अकरावी-बारावीचं गणित आठवत असेल तर १० पैकी ५ निवडायचे: २५२. हवे होते २५६. चार कमी! शिवाय या २५२मधलेही काही रांगेच्या नियमात बसत नाहीत.

मग काय केलं, तर काही शब्द सहा-चारचे घेतले, पण प्रत्येकाची जोडी ठेवली. एका रूपात एक जास्त, दुसऱ्या रूपात शून्यं जास्त. आणि पाठवणारा उधारीची वही ठेवतो. मागचा झुकता शब्द एकाकडे झुकला होता? मग पुढच्या झुकत्या शब्दाचं शून्याकडचं रूप पाठवा. नावे टाकलं की लगेच जमा. बाकी कधी दोनाच्या वर साठतच नाही. काही शब्द माहितीसाठी वापरायचेच नाहीत असंही ठरलं. ००१११११०१० हा त्यातला एक. दोन शून्यं आणि लगेच पाच एक, हा त्याच्या सुरुवातीचा नमुना चालू माहितीत दुसरीकडे कुठेच तयार होत नाही, त्यामुळे तो दिसला की पलीकडचा ओळखतो, नवा शब्द इथून मोजायचा.

शून्य-एकांची ही बरोबरी हवी कशाला? कार्ड हातात घ्या आणि सॅटा खाचांच्या मागे बघा. बहुतेक कार्डांवर प्रत्येक खाचेमागे मोहरीहूनही बारीक चार तपकिरी कण ओळीनं बसवलेले दिसतील. ते कपॅसिटर. तारेच्या वाटेतच आडवे घातलेले. त्यांच्यामुळे डिस्क आणि कार्ड यांचा थेट विद्युत संबंध राहत नाही, दोघांचे व्होल्टेज वेगळे असले तरी भागतं. पण कपॅसिटर फक्त बदल पुढे जाऊ देतो, स्थिर व्होल्टेज अडवतो. सतत एकच जास्त आले तर त्याच्यावर भार साठत जाईल आणि शून्य कोणतं, एक कोणता, हीच रेघ सरकेल. म्हणून ती वही. किंमत अर्थात मोजावी लागते. आठ बिटांसाठी दहा पाठवायचे, म्हणून ६ अब्ज बिटांतून ७५० ऐवजी ६०० मेगाबाइटच हाती लागतात. पीसीआय एक्सप्रेसच्या २०१०च्या तिसऱ्या आवृत्तीनं ही पद्धत सोडून १२८ला १३० असा हिशेब घेतला, पण भावाचा बोर्ड त्याआधीचा.

तर, स्क्रू. पेटी उघडली तर स्लॉटात हळदकुंकू. खंडेनवमीला भाऊ कॅमेरे, लाइट, कॉम्प्युटर सगळ्यांची मनोभावे पूजा करतो आणि वरच्या जाळीतून अक्षता-कुंकू आत जातं. यंत्राला नमस्कार करायला माझी हरकत नाही. ज्यावर पोट चालतं त्याला हात जोडावेत. पण बेळगावच्या पावसाळ्यात ही पूड ओल धरते आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या दातांमध्ये जाऊन बसते. कुंकू दारावर लावा, पोटात नको. शेजारच्या काकूंनी "अमावास्येला नवीन काही जोडू नये" असंही सांगून पाहिलं. त्या दिवशी अमावास्याच होती. मी ब्रश आणि स्पिरिटनं स्लॉट साफ करून कामाला लागलो.

अमावास्येपेक्षा स्वेटरची भीती बाळगा. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत लोकरी स्वेटर काढताना जी चटचट होते ती काही हजार व्होल्टची असते. तीन हजारांच्या खालची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही, आणि चिप त्याच्या कितीतरी खाली मरू शकते. म्हणून वायर काढायची, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, मग कार्ड कडेला धरून उचलायचं.

कार्ड खोचलं, पट्टीचा स्क्रू आवळला, चालू केलं. कार्डावर हिरवा दिवा. कॉम्प्युटरला मात्र कार्डच दिसेना.

"लाइट लागलाय की दादा," भाऊ म्हणाला.

लाइट लागला म्हणजे चाललं, हा गैरसमज फक्त भावाचा नाही. या लहान स्लॉटला एक आडवी खूणगाठ असते. तिच्या अलीकडे, म्हणजे पेटीच्या मागच्या पट्टीकडे, वीजपुरवठ्याचे दात. माहितीच्या दोन्ही जोड्या तिच्या पलीकडे, पार शेपटीला. मी स्क्रू आवळताना पट्टी खाली दाबली गेली आणि शेपूट केसभर वर उचललं गेलं. वीज पोचली, माहिती पोचली नाही. स्क्रू सैल केला, शेपटीवर अंगठा ठेवून दाबलं, पुन्हा आवळला. दिसलं.

वीज देतानाही एक जपा. मोठी हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना क्षणभर १२ व्होल्टवर दोनेक अँपियर ओढते. तीन डिस्का एकदम म्हणजे सत्तरेक वॅट. स्वस्तातल्या वाय केबलवर (एका टोकाची दोन-तीन टोकं करणाऱ्या) तिन्ही लटकवू नका, त्यांची प्लास्टिकची टोकं वितळलेली मी पाहिली आहेत.

तिन्ही डिस्का आल्या, पण एकीसमोर ६००च्या जागी ३०० लिहिलेलं. सॅटात दोन्ही टोकं सुरुवातीलाच बोलणी करतात, आणि वरच्या वेगाला ऐकू नीट येत नसेल तर आपणहून खालच्या वेगावर उतरतात. तिची केबल मी बाजूच्या पत्र्याखाली काटकोनात दाबली होती. घडीपाशी जोडीतल्या तारांमधलं अंतर बदलतं आणि इशाऱ्याचा काही भाग तिथूनच मागे उलटतो. केबल बदलली, ६०० आलं. दुसरी केबल अशीच जुनी, भावाच्या ड्रॉवरमधली. '६ जीबीपीएस स्पेशल' म्हणून जास्त पैसे द्यायची गरज नसते. तिन्ही वेगांना प्रमाण एकच केबल आहे.

दुमडलेली केबल मामांनी मागून घेतली. खिशातलं ब्लेड काढलं, लाल कातडी उभी चिरली आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिचा एक एक पदर वेगळा केला. आत चांदीसारख्या वर्खात गुंडाळलेल्या दोन पुड्या. प्रत्येकीत दोन बारीक तारा, शेजारी उघडं तांबं. ते अर्थिंगचं.

"ह्या सोडल्या तर चारच की रे."

"व्हय मामा. दोन जायला, दोन यायला."

त्यांनी वर्ख बोटानं पुन्हा तारांवर बसवला, चष्मा कपाळावर सरकवला. "आणि जाणाऱ्या दोन म्हणजे एकच म्हणायची. दुसरी नुसती उलटी."