दूध-पोळी, चिकन-भात आणि कुत्र्याचं पोट

दर पंधरा दिवसांनी जुलाब. गोळ्या दिल्या की थांबतात, गोळ्या संपल्या की पुन्हा सुरू. असं कुत्रं ज्यांच्या घरी आहे, त्यांना पहाटे तीनला साखळी शोधत जिना उतरायची सवय झालेली असते. सल्ले तर भरपूर मिळतात. कोणी दहीभात सांगतं, कोणी चिकन-भात, दुकानदार नवी पिशवी पुढे करतो. आठवड्याला एक याप्रमाणे सगळं करून होतं आणि नेमकं कशाने बिघडलं, कशाने सुधारलं, हेच कळेनासं होतं.

पोटाची तक्रार तीन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा पुन्हा पुन्हा उलटली, की पशुवैद्य तिला जुनाट आजार धरतात. आधी जंत आणि जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीसाठी शीची तपासणी, मग यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड ठीक आहे ना हे पाहणारी रक्ततपासणी. यात काही सापडलं नाही आणि कुत्रं फार खंगलेलं नसेल, तर पुढची पायरी आहाराची. कारण उरलेल्या कुत्र्यांत सर्वांत मोठा गट निव्वळ अन्न बदलल्याने बरा होणाऱ्यांचा असतो. म्हणूनच मला वाटतं, अशा वेळी आहार निवडणं म्हणजे एक तपासणीच आहे, आणि ती तपासणीच्या शिस्तीनेच व्हायला हवी.

कुत्र्याने आजवर काय काय खाल्लं, याची यादी करा. आपल्याकडे ती बहुधा दूध-पोळीपासून सुरू होते. अन्नामुळे त्वचेची ॲलर्जी झालेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदींचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि गहू हे क्रमाने पहिले चार होते. म्हणजे दूध-पोळी आणि चिकन, दोन्ही यादीत. पण घाबरून गहू कायमचा बंद करू नका. कुत्री जे वर्षानुवर्षं खातात, त्याचीच ॲलर्जी त्यांना होते, म्हणून रोजचे पदार्थ वर दिसतात. पिठूळ अन्न पचवण्याची ताकद तर कुत्र्यांनी माणसाच्या सहवासात कमावली आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की स्टार्च पचवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाच्या लांडग्यात फक्त दोन प्रती असतात, कुत्र्यांत ४ ते ३०. दुधाची गोष्ट आणखी वेगळी. पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवणारं विकर कमी होतं, त्यामुळे ॲलर्जी नसतानाही जुलाब होऊ शकतात.

मग द्यायचं काय? एक वाट म्हणजे त्या कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेलं प्रथिन. चिकनवर वाढलेल्याला मासे, मासे खाणाऱ्या घरात दुसरं काही. चिकनऐवजी बदक देऊन फसगत होऊ शकते, कारण पक्ष्यांची प्रथिनं एकमेकांशी मिळतीजुळती असतात. दुसरी वाट हायड्रोलाइज्ड अन्नाची. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की रोगप्रतिकारक यंत्रणेला ती ओळखूच येत नाहीत. हे अन्न महाग आहे, पण पूर्वी काय खाल्लं हेच माहीत नसलेल्या, रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्यासाठी मी तेच सुचवेन. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, तर प्रथिनापेक्षा तूप-तेल-चरबी कमी करणं महत्त्वाचं. मोठ्या आतड्याचा त्रास असेल, म्हणजे थोडी थोडी, वारंवार, आव पडून शी होत असेल, तर तंतू वाढवून, अगदी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने इसबगोल देऊनही फरक पडतो.

खरी कसोटी आहे ती पथ्याची. ठरलेलं अन्न आणि पाणी, बाकी काही नाही. आजीच्या चहातलं बिस्किट नाही, वॉचमनने प्रेमाने दिलेला पोळीचा तुकडा नाही, चघळायचं हाड नाही. जंताच्या चवदार गोळीतही मांसाचा अर्क असतो, तेव्हा बिनचवीची मागून घ्या. घरात सगळ्यांना बसवून हे सांगावं लागतं, कारण एका तुकड्याने दोन आठवड्यांचे कष्ट वाया जातात. पोट सुधारायचं असेल तर साधारण दोन आठवड्यांत दिसू लागतं, त्वचेला मात्र आठेक आठवडे लागतात.

प्रत्येक जुलाबावर मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक सुरू करण्याचा मोह टाळायला हवा. निरोगी कुत्र्यांतही ते आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची घडी विस्कटतं, आणि औषध थांबल्यावर ती पुन्हा बसायला काही आठवडे लागू शकतात. रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व मोजून घ्या. ते खूप कमी असेल तर नुसता आहार पुरत नाही.

घरी शिजवणार असाल तर थोडं थांबा. २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृती तपासल्या गेल्या, त्यांतल्या ९५ टक्क्यांत किमान एक तरी पोषक घटक अपुरा निघाला. मांस-भातात कॅल्शियम फारच कमी असतं. काही आठवडे चालेल, वर्षानुवर्षं नाही. तोवर पशुआहारतज्ज्ञाकडून प्रमाण ठरवून घ्या. कांदा-लसणाची फोडणी तर एकदाही नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात.

पोट स्थिरावल्यावर बहुतेक जण इथेच थांबतात. ते स्वाभाविक आहे, आजारी जीव नुकताच सावरलेला असतो. पण जुने पदार्थ एकेक करून, प्रत्येक दोन आठवडे, परत देऊन पाहिले तरच दोष कुणाचा ते कळतं. चिकनने काही दिवसांत पुन्हा जुलाब झाले तर चिकन कायमचं बंद. आणि गहू निर्दोष ठरला, तर आजीच्या हातची पोळी त्याला परत मिळते.