अमिश बटर एग नूडल्स

अमिश बटर एग नूडल्स म्हणजे मैदा आणि अंड्याच्या पिठाच्या, घरी लाटून कापलेल्या जाडसर पट्ट्या, ज्या चिकन स्टॉकमध्ये (कोंबडीची हाडं उकळून केलेल्या पाण्यात) शिजवतात आणि खमंग होईपर्यंत कढवलेल्या बटरची चव त्यांना लागलेली असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना या राज्यांत अमिश लोकांची मोठी वस्ती आहे आणि तिथे हा पदार्थ लग्नाच्या जेवणात असतो, घरच्या रोजच्या रात्रीच्या जेवणात पण असतो. यात सॉस नाही, मसाला नाही, भाज्या नाहीत. चायनीज नूडल्सशी याचं नावापुरतंच नातं आहे, आणि पास्त्यासारखं भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून द्यायचं असंही नाही, कारण ज्या स्टॉकमध्ये नूडल्स शिजतात तो सगळा त्यांच्यातच मुरवायचा असतो आणि या पदार्थाची सगळी गंमत त्या मुरण्यातच आहे.

अमिश कोण ते थोडक्यात. युरोपातल्या अॅनाबाप्टिस्ट, म्हणजे मोठेपणी समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या, ख्रिस्ती लोकांमध्ये १६९३ मध्ये फूट पडली आणि स्वित्झर्लंड-अल्सास भागातल्या याकोब अमान नावाच्या धर्मगुरूच्या मागे जे गेले ते अमिश. पुढे छळ टाळायला आणि शेतीला जमीन मिळावी म्हणून ही कुटुंबं अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात यायला लागली, १७३७ मध्ये 'चार्मिंग नॅन्सी' नावाच्या जहाजातून फिलाडेल्फियाला उतरलेल्या लोकांत बरीच अमिश घरं होती. तिथून ओहायोच्या होम्स काउंटीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि इंडियानाच्या एल्कहार्ट-लाग्रेंज भागात १८४१ पासून वस्त्या झाल्या. आज त्यांची संख्या साडेतीन लाखांच्या वर आहे आणि जवळजवळ सगळे उत्तर अमेरिकेतच, युरोपात एकही अमिश धर्ममंडळी उरलेली नाही, शेवटची १९३७ मध्ये मेनोनाइट या दुसऱ्या अॅनाबाप्टिस्ट पंथात विलीन झाली.

आता नूडल्स काही अमिश लोकांनी शोधलेल्या नाहीत हे स्पष्ट सांगायला हवं. दक्षिण जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या खेड्यांत अंड्याच्या पिठाच्या नूडल्स सगळेच करायचे, कॅथलिक, लुथरन, मेनोनाइट, सगळे, आणि तिथून पेनसिल्व्हेनियात आलेल्या सगळ्या जर्मन बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी ती सवय बरोबर आणली. अमिश नाव चिकटलं ते नंतर, कारण बाकीच्यांच्या घरात पाकिटं आली आणि अमिश घरांत लाटणं चालूच राहिलं. त्यामुळे हा धर्माचा पदार्थ नाही, एका प्रदेशातल्या शेतकऱ्यांचा आहे आणि अमिश लोकांनी तो जपला, असं म्हणणं जास्त बरोबर.

पदार्थात जे आहे ते सगळं त्यांच्या शेतातलं आहे. कोंबड्या घरच्या, गायी घरच्या त्यामुळे लोणी घरचं, गहू त्याच भागात पिकतो. अंडी जास्त झाली की नूडल्स करून वाळवून ठेवायच्या, हा साठवणीचा सरळ मार्ग होता. अमेरिकेच्या त्या भागात एंजल फूड केक नावाचा एक पांढराशुभ्र हलका केक फार आवडीने करतात, एका केकला साधारण डझनभर अंड्यांचं फक्त पांढरं लागतं, मग उरलेल्या बलकांचं काय करायचं, तर नूडल्स! म्हणून जुन्या घरगुती प्रमाणांत अख्ख्या अंड्यांपेक्षा बलकच जास्त असतात आणि रंग एवढा पिवळाधमक येतो. बलक जास्त म्हणजे स्निग्धपणा जास्त, पीठ मऊ लाटलं जातं, तर पांढऱ्याने पट्टीला ताकद येते आणि ती शिजताना फुटत नाही. अमेरिकन सरकारचा नियम असा आहे की पाकिटावर एग नूडल्स लिहायचं तर कोरड्या वजनाच्या किमान ५.५ टक्के भाग अंड्याचा पाहिजे. खाली दिलेल्या घरच्या प्रमाणात हिशोब केला तर हा आकडा १५ टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे पाकिटातली आणि घरची यात एवढा फरक का लागतो ते कळतं.

अमिश लग्नाला तीनचारशे माणूस सहज जमतं आणि जेवण घरीच, नातेवाईक आणि शेजारी मिळून करतात. प्रांताप्रमाणे मेन्यू बदलतो. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागात लग्नाचा मान चिकन आणि ब्रेडचं सारण एकत्र भाजलेल्या रोस्टला आणि क्रीममधल्या सेलरीला, तर ओहायो-इंडियानाकडे नूडल्सना. तिकडे नूडल्स चक्क बटाट्याच्या मॅशवर वाढतात, पिष्टावर पिष्ट, वरून चिकनचे तुकडे, आणि दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला ते अगदी बरोबर लागतं. लँकेस्टरकडे याच पिठाचे मोठे चौकोनी तुकडे कापून चिकन-बटाट्याच्या रश्शात शिजवतात आणि त्याला पॉट पाय म्हणतात, इंग्रजीत पाय म्हणजे पिठाच्या आवरणात भाजलेला पदार्थ, पण इथे पाय म्हटलं तरी त्याला वर-खाली कसलंही आवरण नसतं. त्याच भागातले जुने जर्मन शेतकरी केशर पण लावायचे, परसात वाफे असायचे, आणि चिकनच्या रश्शात आणि नूडल्समध्ये चिमूटभर केशर घालायची पद्धत तिथे अजून आहे.

आता घरी कसं करायचं. चार जणांसाठी २५० ग्रॅम मैदा, २ अख्खी अंडी, ३ बलक आणि अर्धा चमचा मीठ. आपल्याकडची अंडी जरा लहान असतात म्हणून पीठ जमत नसेल तर एखादा चमचा पाणी, पण त्याहून जास्त नको, पीठ घट्टच हवं, सुरुवातीला वाटेल की हे काही एकत्र येणार नाही पण आठदहा मिनिटं मळलं की येतं आणि गुळगुळीत होतं. मग झाकून अर्धा तास ठेवायचं. हे चुकवू नये, मळताना ताणलेलं ग्लूटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रोटीन, सैल पडलं नाही तर पोळी लाटली की परत आत ओढली जाते आणि माणूस वैतागून जाड ठेवून देतो. दोन भाग करून एकेक दीड ते दोन मिलिमीटर जाड लाटायचा, इटालियन पास्त्याएवढा पातळ अजिबात नाही, चावताना दाताला लागलं पाहिजे. वर मैदा भुरभुरून सैलसर गुंडाळी करायची, धारदार सुरीने अर्धा ते एक सेंटिमीटर रुंद काप करायचे आणि लगेच हाताने सोडवून मोकळे करायचे.

वाळवायच्या का? करून लगेच खायच्या असतील तर पंधरावीस मिनिटं कापडावर पसरल्या की पुरे. जुन्या काळी पलंगावर चादर अंथरून किंवा खुर्च्यांच्या पाठीवर टाकून पूर्ण वाळवायचे, पण कच्च्या अंड्याचं पीठ आहे, त्यात साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जीवाणू वाढू शकतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाला दोन तासांच्या वर ठेवू नये. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर मुळीच नाही, पावसाळ्यात त्या वाळतच नाहीत, नुसत्या चिकट होतात. ट्रेवर सुट्या पसरून फ्रीझरमध्ये कडक करायच्या आणि मग पिशवीत भरायच्या, महिनाभर छान राहतात आणि शिजवताना बर्फ वितळू न देता तशाच टाकायच्या.

बटर हा दुसरा महत्त्वाचा भाग. या प्रमाणाला ८० ते १०० ग्रॅम बटर लागतं, ऐकून जास्त वाटेल पण पदार्थाच्या नावातच बटर आहे. जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवायचं. आधी त्यातलं पाणी तडतडत उडतं, मग आवाज कमी होतो, फेस बारीक होतो आणि तळाशी दुधाचे कण सोनेरी व्हायला लागतात. लोणी कढवताना बेरी बनते ना, अगदी तेच चाललंय इथे, फक्त आपण तूप गाळून बेरी बाजूला काढतो आणि इथे ती बेरी पातेल्यातच ठेवायची, कारण खमंगपणा सगळा तिच्यात असतो. दुधातलं प्रोटीन आणि साखर तापून ही चव तयार होते. सोनेरीपासून काळ्यापर्यंत जायला अर्धा मिनिट पण लागत नाही, तेव्हा शेवटी पातेल्याजवळून हलू नये, आणि कण बदामी झाले की लगेच आचेवरून उतरवायचं.

आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, ते वापरलं तर स्टॉकमध्ये मीठ अजिबात घालायचं नाही, शेवटी चव बघून ठरवायचं. घरचं सायीचं लोणी असेल तर माझ्या मते सगळ्यात उत्तम, विरजणाची हलकी आंबूस चव त्यात असते आणि बेरी पण भरपूर सुटते.

उतरवलेल्या बटरमध्ये गरम स्टॉक जपून ओतायचा, उसळतो. ताज्या नूडल्सना ६०० ते ७०० मिली लागतो, पाकिटातल्या कोरड्या २५० ग्रॅमला साधारण १ लिटर. उकळी आली की नूडल्स टाकायच्या, एकदा हलक्या हाताने हलवायच्या, ताज्या असतील तर दोन मिनिटं आणि कोरड्या असतील तर चारपाच मिनिटं उकळायच्या, आणि मग गॅस बंद. घट्ट झाकण. ताज्यांना पंधरा मिनिटं, कोरड्यांना पंचवीस-तीस मिनिटं, मध्ये झाकण काढून बघायचं नाही आणि ढवळायचं तर मुळीच नाही. पट्ट्या आपल्या उष्णतेत सावकाश स्टॉक पितात, त्यांच्यातला स्टार्च बाहेर येतो, बलकातलं लेसिथिन बटर आणि पाण्याला धरून ठेवतं आणि सगळ्याला एक चकचकीत दाट लेप बसतो जो सॉस न करता मिळालेला सॉसच असतो. उकळत ठेवल्या तर कडा विरघळतात आणि मधे कच्च्या राहतात, आणि पाणी ओतून दिलं तर हा लेपच जातो, राहतात फक्त बटर लावलेल्या उकडलेल्या पट्ट्या. मोठ्या पंगतीच्या स्वैपाकाला ही पद्धत सोयीची आहेच, भलंमोठं पातेलं झाकून ठेवलं की बायका बाकीच्या कामाला मोकळ्या.

झाकण काढल्यावर थोडा रस्सा दिसला तर घाबरू नये, पाच मिनिटांत तोही मुरतो. वरून फक्त मिरपूड आणि असली तर पार्सली. लसूण, चीज, चिली फ्लेक्स घालायचा मोह होईल पण पहिल्यांदा तरी घालू नका, बटरची खमंग चव फार नाजूक असते आणि लसणाखाली ती पार दबून जाते. ओहायोकडे काही घरांत चिकन सूपचा डबा किंवा प्रोसेस्ड चीज घालतात, दाटपणा येतो खरा, मला स्वतःला त्याची गरज वाटत नाही.

स्टॉक चांगला हवा हे वेगळं सांगायला नको. कोंबडीची हाडं, कांदा, गाजर, सेलरीचा दांडा आणि काळी मिरी दीडदोन तास मंद आचेवर ठेवून केलेला सगळ्यात चांगला, क्यूबचा चालतो पण तो खारट असतो म्हणून निम्म्याने पातळ करावा. अंडं खाणारे पण चिकन न खाणारे असतील त्यांनी कांदा आधी चांगला तांबूस परतून मग गाजर-सेलरी-मशरूमचा स्टॉक करावा, नुसतं पाणी वापरलं तर पदार्थ फिका पडतो.

विकतच्या घ्यायच्या तर एक लक्षात ठेवा, भारतात एग नूडल्स म्हणून जी पाकिटं मिळतात ती बहुतेक हाका नूडल्सची, बारीक आणि लांब, त्या या पद्धतीत लगदा होतात. त्यापेक्षा अंडं घातलेला रुंद पट्ट्यांचा पास्ता घेऊन हाताने मोडून वापरावा, जवळपास जमतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना अर्थात अडचण नाही, सुपरमार्केटमध्ये अमिश नावाच्या जाड नूडल्सची पाकिटं असतात, आणि लँकेस्टर, होम्स काउंटी किंवा इंडियानातल्या शिपशेवाना-मिडलबरीकडे गेलात तर तिथल्या मोठ्या फॅमिली रेस्टॉरंट्समध्ये बऱ्याचदा साइड डिश म्हणून मिळतात.

उरल्या तर फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. थंड झाल्यावर त्यांचा गोळा होतो, तो सुरीने कापत बसू नये, पातेल्यात दोनतीन चमचे स्टॉक घालून झाकून मंद आचेवर ठेवला की आपोआप सुटतो. मायक्रोवेव्हमध्ये कडा कडक होतात.