‘तो’ आणि ‘एक’ : इंग्रजी उपपदांची पार्श्वभूमी

स्वराच्या उच्चारापूर्वी ‘ॲन’, व्यंजनाच्या उच्चारापूर्वी ‘अ’ आणि वस्तू ठरावीक असेल तर ‘द’, एवढ्यावर शाळेतला उपपदांचा धडा बहुधा आटोपतो. हे नियम चुकीचे नाहीत. परंतु दोन साधे शब्द झिजत गेल्यावर जे उरले त्याचे ते नियम आहेत, आणि ते दोन्ही शब्द मराठीतही आहेत.

हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘द’ या एकाच अविकारी शब्दाच्या जागी ‘से’, ‘सेओ’ आणि ‘थॅट’ अशी तीन लिंगांची दर्शक सर्वनामे होती: से क्युनिंग, सेओ क्वेन, थॅट चिल्ड. म्हणजेच तो राजा, ती राणी, ते मूल. मूल तिथेही नपुंसकलिंगीच. ही सर्वनामे विभक्तीप्रमाणे बदलत, आणि ‘से’ व ‘सेओ’ वगळता जवळजवळ सगळी रूपे ‘थ’ने सुरू होत असल्यामुळे त्यांच्या ओढीने ‘से’चाही ‘थे’, म्हणजे आजचा ‘द’, झाला. दहाव्या शतकात ईशान्य इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न मठाच्या लॅटिन शुभवर्तमानांच्या ओळींमध्ये जो उत्तरेकडील इंग्रजी अनुवाद लिहिला गेला, त्यात हे रूप दिसू लागते. 1154 पर्यंतच्या नोंदी असलेल्या पीटरबरोच्या बखरीत तर लिंग-विभक्तीची जुनी व्यवस्था ढासळलेलीच आढळते. बोट दाखवण्याचे काम पुढे नपुंसकलिंगी रूपातून आलेल्या ‘दॅट’कडे गेले, आणि ‘द’कडे ‘तुम्हाला-मला ठाऊक असलेला’ एवढाच अर्थ राहिला.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांचे मूळ ‘आन’, म्हणजे ‘एक’ हा आकडा. त्यावर जोर असेल तेथे त्याचा ‘वन’ झाला, जोर नसेल तेथे ‘ॲन’, आणि बाराव्या शतकापासून व्यंजनापूर्वी त्यातला ‘न’ही गळू लागला. त्यामुळे मूळ रूप ‘ॲन’ आहे आणि ‘अ’ हे त्याचे झिजलेले रूप, हे शाळेतल्या नियमाच्या मांडणीवरून लक्षात येत नाही. हा ‘न’ कोणत्या शब्दाचा, याबद्दल बोलणाऱ्यांचाही गोंधळ उडे. फ्रेंचमधून आलेला ‘नॅप्रन’ लोकांनी ‘ॲन एप्रन’ असा तोडला आणि तो शब्द आपला ‘न’ गमावून बसला. उलट ‘एकनेम’, म्हणजे जोडीचे नाव (यातला ‘एक’ आकडा नव्हे), त्याला उपपदाचा ‘न’ चिकटून ‘निकनेम’ झाले.

काही ठिकाणी जे उपपद वाटते ते मुळात उपपद नव्हतेच. ‘ट्वाइस अ डे’मधला ‘अ’ हा ‘ऑन’ या शब्दयोगी अव्ययाचा अवशेष आहे, आणि ‘द मोअर द मेरिअर’मधला ‘द’ हा जुन्या दर्शक सर्वनामाच्या तृतीयेचा, आपल्या ‘त्याने’सारख्या रूपाचा. अशा वाक्प्रयोगांना उपपदाचा नियम लावत बसणे व्यर्थ आहे.

व्याकरणकारांनी मात्र या शब्दांची दखल उशिरा घेतली, कारण त्यांच्यापुढचा नमुना लॅटिनचा होता आणि लॅटिनला उपपदच नाही. इंग्रज नाटककार बेन जॉन्सनच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापल्या गेलेल्या व्याकरणात लॅटिनच्या आठ शब्दजातींना उपपद ही नववी जोडलेली आहे; 1795 मध्ये लिंडली मरे या व्याकरणकाराने तर नऊ जातींची यादी उपपदापासूनच सुरू केली.

मराठी याच वाटेवर थोडी चालली आणि थांबली. ‘एक होता राजा, त्या राजाला दोन राण्या होत्या’ यात ‘एक’ आणि ‘त्या’ नेमके ‘अ’ आणि ‘द’चे काम करतात, पण आपल्याकडे ते ऐच्छिक आहे. ‘डॉक्टर आले’ एवढ्यावर कोणते डॉक्टर ते ऐकणाऱ्याला प्रसंगावरून कळते. इंग्रजीत ही निवड प्रत्येक वेळी करावीच लागते, आणि म्हणून ‘आय ॲम डॉक्टर’ असे आपल्या तोंडून सहज निसटते. अलीकडे ‘मी एक डॉक्टर आहे’ असे मराठी जागोजाग ऐकू येते. त्यातला ‘एक’ हा आकडा नाही, तो इंग्रजीचा ‘अ’ आहे.