अर्पणाची थैली आणि सुवार्तेचा खर्च : इंदूरच्या मंडळ्यांची पार्श्वभूमी

कारभारीपणाचा रविवार (देण्याविषयी शिकवण्याचा दिवस) आला की इंदूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत दोन आवाहने एका दमात होतात. अर्पण वाढवा आणि सुवार्तेसाठी बाहेर पडा. दोन्हींना माना डोलतात, पण पुढच्या तिमाहीचा हिशेब वाचला जातो तेव्हा आकडे जवळपास तेच असतात. मग खापर लोकांच्या उदासीनतेवर फुटते, आणि हे अन्यायाचे आहे. अर्पण द्यायचे ते दिवाबत्ती, झाडलोट, रंगरंगोटी आणि पाळकाच्या पगारातला वाटा यांसाठी, एवढेच इथल्या मंडळीला पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. सुवार्तेचा खर्च सुरुवातीपासून दुसऱ्याच्या खिशातून होत आला.

इथल्या उपासनेचे उगम दोन. पहिला रेसिडेन्सी (इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीचे ठाणे) आणि महूची छावणी. तिथे बाकांवर इंग्रज अधिकारी आणि शिपाई बसत, चॅप्लेनचा (छावणीच्या पाळकाचा) पगार सरकारी खजिन्यातून येई. १९३० साली भारतातील अँग्लिकन मंडळी कायद्याने सरकारपासून वेगळी झाली, तरी छावण्यांतल्या चॅप्लेनांचा भार इंग्रज जाईपर्यंत सरकारवरच राहिला. दुसरा उगम १८७७ सालचा. कॅनडातून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनने इंदूर-महूपासून काम सुरू केले आणि ते पुढे नीमच, रतलाम, उज्जैन, धार असे पसरले. शहरात रस्त्यावर उभे राहून उपदेश करण्यावरून १८८० च्या दशकात होळकर दरबाराशी खटके उडाले. १८८७ साली कॉलेज निघाले, मुलींच्या शाळा आणि बायकांचा दवाखाना उभा राहिला. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत अनाथ मुले मोठ्या संख्येने मिशनच्या आश्रयाला आली.

या दुष्काळांचा अर्पणाशी थेट संबंध आहे. मिशनच्या आवारात वाढलेली, मिशनच्याच शाळेत शिकलेली आणि मिशनच्याच नोकरीत लागलेली कुटुंबे हाच बऱ्याच मंडळ्यांचा कणा होता. प्रचारक, बायबलबाई, पुस्तकविके, मास्तर, नर्स यांचे पगार समुद्रापलीकडून येत. त्या पगारातला ठरावीक हिस्सा अर्पण म्हणून घेण्याची रीत देशातील अनेक मिशनांत होती. पैसा एका हाताने मिळे आणि त्यातला थोडा दुसऱ्या हाताने परत जाई. देणाऱ्याला आपण काही दिले असे वाटणे अवघडच होते. शिवाय सुवार्ता सांगणे हे पगारी माणसाचे काम, हा समज याच काळात पक्का झाला.

धोरण म्हणून मात्र उलटेच बोलले जात होते. स्वावलंबी, स्वशासित आणि स्वतः सुवार्ता पसरवणारी मंडळी हे तीन शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिशनांच्या चर्चेत होते. अहमदनगरला १८५४ साली पहिल्या मराठी पाळकांचा दीक्षाविधी झाला, त्यामागेही हाच विचार होता. ज्यांची पदे आपण आजही उपासनेत म्हणतो त्या कवी नारायण वामन टिळकांनी तर १९१७ साली मिशनचा पगारच सोडला आणि सुवार्तेला पगारी चाकरीतून मोकळे केले. माळव्यात हे वारे उशिरा पोहोचले. १९३० नंतरच्या मंदीत परदेशी अनुदाने आटली, प्रचारकांचे पगार कापले गेले, आणि रिकामी झालेली जागा मंडळीने भरून काढली नाही. तिच्याकडे तसा मागणारा हिशेबच नव्हता.

उत्तर अमेरिकेतील मंडळ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर एक साधा उपाय रूढ केला होता : दोन कप्प्यांचे पाकीट. एक कप्पा आपल्या मंडळीच्या खर्चाचा, दुसरा सुवार्तेचा. दर रविवारी एकच पाकीट थैलीत पडे, पण मोजताना रकमा वेगळ्या निघत आणि एका कप्प्याचा पैसा दुसरीकडे वळवता येत नसे. आपल्याकडे पाकीट आले ते बहुतेक ठिकाणी एकाच कप्प्याचे.

यानंतरचा खरा वळणबिंदू १९७० चा. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन उत्तर भारताची ऐक्य मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, आणि रेसिडेन्सीचा व मिशनचा असे दोन्ही वारसे इंदुरात एका छताखाली आले. काही परंपरांत पाळकाला त्याची मंडळी पोसत असे, काहींत मध्यवर्ती कचेरी. हळूहळू रूढ झाले ते असे की प्रत्येक मंडळीने ठरलेला वाटा धर्मप्रांताकडे (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाकडे) भरावा आणि पाळकांना तिथून समान श्रेणीने पगार मिळावा. हा निर्णय आजही वादात आहे. अर्पण आणि सुवार्ता यांची गाठ नेमकी इथेच अडकली आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे वजनदार आहे. धार-झाबुआच्या भागातील वीस घरांची मंडळी स्वतःच्या बळावर पाळक ठेवू शकत नाही. मध्यवर्ती पगारामुळे तिलाही शिकलेला पाळक मिळतो, बदल्या करता येतात, आणि गावातल्या एखाद्या श्रीमंत घराच्या मर्जीवर पाळकाची चूल पेटत नाही. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघण्याची जी समता सांगितली आहे, ती इथे व्यवहारात उतरते.

अडचण तत्त्वात नाही, वाटा कसा ठरतो त्यात आहे. तो सभासदसंख्येवर ठरला तर मंडळ्या नोंदवही आखडती ठेवतात. दृढीकरण (सभासदत्व पक्के करण्याचा विधी) झालेली तरुण मुले यादीत चढत नाहीत, शहर सोडून गेलेले मात्र तत्परतेने कमी होतात, आणि नव्या माणसाचा बाप्तिस्मा म्हणजे पुढच्या वर्षीच्या वाट्यात वाढ असा हिशेब पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) बैठकीत उघड बोलला जातो. बाहेर पडण्याला दंड लावणारी व्यवस्था उभी करायची आणि वर बाहेर पडा म्हणायचे, हे चालणार कसे? वाटा उत्पन्नाच्या टक्क्यावर ठरला तर दुसरी वाट निघते. साधारण अर्पण जागच्या जागी राहते आणि इमारत निधी, नाताळ निधी, ध्वनियंत्रणा निधी फुगत जातात, कारण विशेष निधीवर वाटा लागत नाही. त्यात बदमाशी नसते. आपला पैसा डोळ्यांसमोर राहावा एवढीच इच्छा असते. पण दहा निधींत विभागलेल्या मंडळीत सुवार्तेचा निधी सर्वांत शेवटी आठवतो.

समजा, एका मंडळीचे वर्षाचे साधारण अर्पण ४ लाख आहे आणि वाटा ४० टक्के. धर्मप्रांताला १,६०,००० जातात, हाती २,४०,००० उरतात. पाळकाने जोर लावून अर्पण ५ लाखांवर नेले, तर वाटा २ लाख होतो. सुवार्तेसाठी म्हणून मागितलेल्या वाढीव लाखातले ४०,००० दुसरीकडे गेले हे लोकांना कळते, आणि पुढच्या आवाहनाला हात आखडतो. तोच वाटा तीन वर्षांसाठी १,६०,००० असा रकमेत बांधून दिला, तर वाढलेला पूर्ण लाख स्थानिक कामाला मिळतो आणि धर्मप्रांतालाही आपले अंदाजपत्रक आधी ठाऊक असते. मध्यवर्ती पगार मोडण्याची गरज नाही. वाट्याची बांधणी बदलणे पुरे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. विरोध करणारे म्हणतात की यात शहरी मंडळ्यांचा फायदा होतो. तो होतोच, म्हणून चौथ्या वर्षी वाटा नव्याने ठरवताना मागील तीन वर्षांची सरासरी धरली पाहिजे.

दशांशाचा (उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा) वादही याच्याशी जोडलेला आहे. मलाखी ३:१० दरवर्षी वाचले जाते, पण बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायातला तिसऱ्या वर्षाचा दशांश क्वचितच. तो लेवी (मंदिरसेवा करणारा वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच साठवायचा होता, म्हणजे दशांशातच बाहेरच्याचा वाटा होता. सगळा दशांश भांडारात आणा म्हणायचे आणि भांडारातून विधवेला काय गेले ते सांगायचे नाही, हा अर्धवट उपदेश झाला.

वार्षिक वर्गणीने तर अर्पणाचे मोठे नुकसान केले. मंडळीच्या मतदारयादीत नाव राहण्यासाठी किमान वर्गणी ठेवली, आणि किमान तेच कमाल ठरले. वार्षिक सभेच्या आधीच्या दोन रविवारी बारा महिन्यांची वर्गणी एकदम भरली जाते. महिन्याची खरी आवक किती, हे खजिनदारालाही वर्षअखेरीपर्यंत उमगत नाही. ८० कुटुंबांच्या मंडळीत प्रत्येक घरातून रविवारी २० रुपये आले तर चार रविवारांचे ६,४०० होतात. त्याच घरांचे सरासरी उत्पन्न महिना २५,००० धरून दशांशाच्या निम्मे, म्हणजे १,२५० रुपये, आले तर महिन्याला एक लाख जमतात. हे दोन आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहिले तर लांब उपदेशाची गरज राहत नाही.

गेल्या काही वर्षांतील कायद्यांनी जुने आधार वेगाने काढून घेतले. परदेशी देणग्यांवर १९७६ पासून नियंत्रण होते, २०१० चा नवा कायदा आला, आणि २०२० च्या सुधारणेने तीन गोष्टी बदलल्या. परदेशी पैसा फक्त दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत यावा, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाऊ नये (आधी मर्यादा ५० होती), आणि एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला देऊ नये. मोठ्या संस्थेमार्फत लहान संस्थांकडे झिरपणारा निधी या तिसऱ्या कलमाने थांबला. एक बारीक गोष्ट अनेक कमिट्यांच्या ध्यानात येत नाही : नाताळात भेटीला आलेल्या, कॅनडाचे नागरिकत्व घेतलेल्या नातलगाने दिलेली देणगी रुपयांत असली तरी ती परदेशी देणगीच असते. भारतीय पासपोर्ट असलेल्या परदेशस्थाने आपल्या बचतीतून दिलेले पैसे मात्र तसे धरले जात नाहीत.

सुवार्तेच्या बाजूचा इतिहास मध्य प्रदेशात आणखी जड आहे. १९५६ चा मिशनांच्या कामाविषयीचा चौकशी अहवाल, १९६८ चा धर्म स्वातंत्र्य कायदा, आणि आपला धर्म सांगण्याच्या हक्कात धर्मांतर करवण्याचा हक्क येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल, हे बहुतेकांना माहीत असते. २०२१ च्या कायद्याने धर्म बदलू इच्छिणारी व्यक्ती आणि विधी करणारा पाळक या दोघांनाही जिल्हा दंडाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळवणे बंधनकारक केले. स्वेच्छेने लग्न करणाऱ्या प्रौढांवर या कलमाखाली कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. प्रलोभनाची व्याख्या रुंद आहे. भेटवस्तू, रोख मदत, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतील शिक्षण हे सगळे तिच्यात बसू शकते.

म्हणूनच अर्पणाची व्यवस्था आणि बाहेरचे काम आज एकाच वहीत मावत नाही. मदत निधीची वही वेगळी हवी. कोणाला, कोणत्या कारणाने (औषध, फी, रेशन), किती, आणि घेणारा मंडळीचा आहे की नाही याची पर्वा न करता दिले, हे तिच्यातून दिसले पाहिजे. मदत देताना प्रार्थनेला येण्याचा विषय काढायचा नाही, आणि घरच्या प्रार्थनेला जाताना शिध्याची पिशवी न्यायची नाही. हे कायद्यासाठी जितके, तितकेच मदत घेणाऱ्याच्या मानासाठी. सुवार्ता निधीतून प्रवासखर्च, पुस्तके, आजारी माणसांच्या भेटी, शब्बाथशाळेचे साहित्य आणि कीर्तनाला येणाऱ्या साथीदारांचे मानधन एवढेच जावे. मराठी घरे अंगणातल्या कीर्तनाला येतात, हिंदी उपासनेच्या पत्रकावर येत नाहीत. शहरातील आपल्या कित्येक घरांत प्रार्थना मराठीत आणि रविवार हिंदीत असतो, आणि मराठी कामासाठी वेगळी तरतूद कुणाच्याच अंदाजपत्रकात नसते.

थैली उपासनेनंतर लगेच, वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दोघांनी, उघड्या दाराच्या खोलीत मोजावी. नोटांचा तक्ता लिहून दोघांनी सही करावी आणि रक्कम सोमवारी बँकेत भरावी. रविवारच्या रोख पैशातून परस्पर खर्च भागवला की आवक कमी दिसते आणि पावतीशिवायचा खर्च कायमचा हरवतो. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच असावा. लॉकडाऊनच्या काळात खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यावर घेतलेले अर्पण नंतर जुळवताना कमिट्यांची दमछाक झाली. निनावी देणगीवरचा ३० टक्के कर निव्वळ धार्मिक न्यासाच्या थैलीला लागत नाही, पण तोच न्यास शाळा किंवा दवाखाना चालवत असेल आणि निनावी रक्कम त्यासाठी म्हणून आली असेल तर लागतो. अर्पणाच्या पावतीवर देणाऱ्याला आयकरात सूट मिळेल असे छापणेही चूक आहे, कारण विशिष्ट धर्मसमाजासाठीच्या न्यासाला ती सूट सर्वसाधारणपणे मिळत नाही. दोन कप्प्यांचे पाकीट सुरू करायचे असेल तर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिलपासून करावे. पाकिटावर नाव नको, क्रमांक हवा, आणि क्रमांकांची यादी एकट्या खजिनदाराकडे असावी. कोणत्या घराने किती दिले हे व्यासपीठावरून वाचण्याची प्रथा आधी बंद करावी, मग पाकिटे वाटावीत. क्रम उलटा झाला तर दुसरा कप्पा रिकामाच येतो.